सर, मी माझं लिहू का?

(साखरखेर्डा इथे तरुण मुला-मुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



इथे बसलेल्या माझ्या तरुण मित्रांनो, बहिणींनो आणि मागच्या ओळीत खुर्च्यांवर बसलेल्या बुजुर्गांनो,

मला बोलावताना संयोजक म्हणाले, "सर, पोरांना जरा दोस्तांच्या दबावाबद्दल सांगा. एकमेकांच्या नादी लागून पोरं नको ते करून बसतात." मी हो म्हटलं. पण घरी जाऊन विचार केला तेव्हा वाटलं, नादी काय फक्त पोरंच लागतात? मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वर्गात पोरांना आणि स्टाफरूममध्ये शिक्षकांना जवळून पाहिलं. खरं सांगायचं तर 'चार लोक काय म्हणतील' ही भीती मला वर्गापेक्षा स्टाफरूममध्ये जास्त दिसली. म्हणून आज सुरुवात तुमच्यापासून करत नाही, माझ्यापासून करतो.

नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती. दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून मला दुसऱ्या गावच्या केंद्रावर पाठवलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तसं तेव्हा बऱ्याच ठिकाणी चालायचं. बीजगणिताचा पेपर होता. पहिला एक तास शांततेत गेला. मग तिथले एक वरिष्ठ सर वर्गात आले. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर सरळ उत्तरं लिहायला सुरुवात केली. मला म्हणाले, "तुम्ही जरा दारात उभे राहा, कोणी येतंय का बघा." आणि मुलांना म्हणाले, "सगळ्यांनी हेच उतरवायचं. कोणी शहाणपणा करायचा नाही."

मी दारात जाऊन उभा राहिलो. पाठ वर्गाकडे, तोंड व्हरांड्याकडे.

थोड्या वेळानं मागून आवाज आला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हात वर करून उभी होती. ती म्हणाली, "सर, मी माझं लिहू का?"

लक्षात घ्या, ती तक्रार करत नव्हती. परवानगी मागत होती. परीक्षेला बसलेली मुलगी पर्यवेक्षकाला विचारत होती की माझा पेपर मीच सोडवला तर चालेल ना. आणि मी, शिक्षक म्हणून सरकारचा पगार घेणारा माणूस, तिला म्हणालो, "गप बस. खाली बघून लिही."

आता तुम्ही विचाराल, सर, तुम्हाला कोणी धमकी दिली होती का? नाही. नोकरी जाणार होती का? तीही नाही. मला भीती एवढीच होती की संध्याकाळी चहाच्या वेळी लोक हसतील आणि म्हणतील, "आला मोठा राजा हरिश्चंद्र." शिवाय आणखी एक गोष्ट मनात होती, ती तुम्हाला लवकर समजेल. त्या केंद्रावर मी एकटाच मुसलमान होतो. मला वाटलं, आपण कशाला नजरेत यायचं? सगळ्यांशी जुळवून घेतलं तर लोक म्हणतील, "शेख सर आपल्यातलेच आहेत." त्या एका वाक्यासाठी मी माझं इमान त्या दिवशी दारातच सोडून आलो.

हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. आणि इथेच सांगतोय त्याला कारण आहे.

३ मार्च २०२३, शुक्रवार. तुमच्यापैकी काहींनी त्या वर्षी बारावी दिली असेल. गणिताचा पेपर होता. वेळ अकराची. आणि साडेदहाच्या सुमारास आपल्या सिंदखेडराजा तालुक्यातून त्या पेपरची पानं मोबाईलवर फिरायला लागली. गुन्हा नोंदवला गेला तो आपल्या साखरखेर्डा पोलीस ठाण्यात. विधानसभेत त्यावर प्रश्न उठला. तपासाला विशेष पथक नेमलं गेलं. ज्यांना अटक झाली त्यांच्यात शिक्षकही होते. दोषी कोण हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, त्यावर मी बोलत नाही. मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे.

त्या वर्षी सरकारनं कॉपीमुक्त अभियान जोरात चालवलं होतं. भरारी पथकं होती, बैठी पथकं होती. पेपर दहा मिनिटं आधी हातात देण्याची पद्धत त्याच वर्षी बंद केली होती. परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी तर महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. म्हणजे कायदा होता, पथकं होती, बंदोबस्त होता. मग पानं फिरली कशी? पान एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर आपोआप जात नाही. मधे प्रत्येक वेळी एक अंगठा असतो. त्या अंगठ्याच्या मागे एक माणूस असतो आणि त्या माणसाच्या छातीत एक आवाज असतो. तो म्हणतो, "हे बरोबर नाही." आणि लगेच दुसरा आवाज येतो, "ग्रुपमध्ये सगळ्यांनी पाहिलंय. तू एकटाच साधू आहेस का?" पथक वर्गाच्या दारापर्यंत येतं. या दोन आवाजांच्या मधे कुठलंही पथक उभं राहू शकत नाही. तिथे फक्त तुम्ही असता.

हा दुसरा आवाज इतका जोरात का असतो, हे समजून घेतलं पाहिजे. नुसतं 'वाईट संगत सोडा' म्हणून भागत नाही.

अमेरिकेत सॉलोमन ॲश नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १९५० च्या सुमारास त्यांनी एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ. दुसऱ्या कार्डावर तीन रेघा, लहान-मोठ्या. पहिल्या रेघेएवढी लांब रेघ कोणती, एवढंच सांगायचं. लहान पोरगंही सांगेल. पण खोलीत सात-आठ जण बसलेले असायचे आणि त्यातला खरा परीक्षार्थी एकच असायचा. बाकीचे सगळे ॲश यांनीच बसवलेले. ते ठरल्याप्रमाणे एकामागून एक चुकीचं उत्तर द्यायचे, अगदी ठामपणे. मग शेवटी या बिचाऱ्याची पाळी यायची.

काय झालं असेल? एकटं बसवलं तर माणसं शंभरातून एखाद्या वेळीही चुकत नव्हती. पण या टोळक्यात बसवल्यावर साधारण तीनात एक उत्तर चुकीचं यायला लागलं. चारांतले तीन जण निदान एकदा तरी टोळक्याबरोबर वाहून गेले. नंतर विचारलं तर काही जण म्हणाले, मला दिसत होतं हो, पण सगळ्यांसमोर वेडं ठरायचं नव्हतं.

रेघेवर काय पैज होती? काहीच नाही. ओळखीचे लोक होते का? नाही. तरी माणसाचं असं होतं. मग तुमच्या बारावीच्या वर्गात, तुमच्या मोहल्ल्यात, रोज ज्यांच्याबरोबर चहा पिता त्यांच्यासमोर किती कठीण जात असेल. म्हणून ज्याला मोह झाला त्याला मी लगेच वाईट म्हणणार नाही. तो माणूस आहे.

पण या प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ॲश यांनी त्या टोळक्यात फक्त एक माणूस असा बसवला, जो खरं उत्तर देईल. फक्त एक. बाकी सगळे खोटंच बोलत होते. तेवढ्यानं चुकीची उत्तरं चौथाईवर आली. आणि मधेच तो एक सोबती उठवून नेला तर चुका पुन्हा वाढल्या. म्हणजे माणसाला हिंमतीसाठी सगळी जमात बरोबर लागत नाही. एक माणूस पुरतो. पण तो एक लागतो.

हे वाचलं तेव्हा मला हजरत कअब बिन मालिक (र.) यांचा किस्सा आठवला. तुमच्यापैकी अनेकांनी तो जुम्याच्या बयानात ऐकला असेल. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही हदीस-संग्रहांत तो त्यांच्याच तोंडून आला आहे. पण आज तो दोस्तांच्या दबावाच्या अंगानं ऐका.

हिजरी सन ९, म्हणजे इ.स. ६३०. तबूकची मोहीम. कडक ऊन, लांबचा पल्ला आणि मदिनेत खजुरीचं पीक तयार झालेलं. कअब (र.) धडधाकट होते, हाताशी पैसा होता, सवारीला उंट होते. 'उद्या तयारी करतो, उद्या करतो' म्हणत राहिले आणि लष्कर निघून गेलं. आपल्याला अभ्यासाचं होतं तसंच. पैगंबर (स.) परत आले तेव्हा मागे राहिलेले ऐंशीवर लोक एकेक करून आले, शपथा घेतल्या, कारणं सांगितली. ती वरवर मान्य झाली आणि आतलं अल्लाहवर सोडलं गेलं. सगळे सुटले. कअब (र.) तर शायर होते, शब्द त्यांच्या हुकमात होते. त्यांनी मनात आणलं असतं तर सगळ्यांत सुंदर बहाणा त्यांचा झाला असता. पण ते समोर बसले आणि म्हणाले, मला काहीही अडचण नव्हती.

त्यांना सांगण्यात आलं, अल्लाहचा फैसला येईपर्यंत थांबा. ते उठून बाहेर पडले आणि इथे खरी कसोटी सुरू झाली. त्यांच्याच कबिल्याची, बनू सलमाची माणसं मागे धावली. शत्रू नव्हते ते, आपलेच होते, काळजीनं बोलत होते. "काय केलंस हे? एवढे लोक बहाणा करून सुटले, तुला जमलं नाही?" इतकं समजावलं, इतकं दोषी ठरवलं की कअब (र.) स्वतः सांगतात, माझ्या मनात आलं, परत जावं आणि आधी बोललो ते खोटं होतं असं सांगावं.

अशा वेळी त्यांनी काय केलं? त्यांनी एक प्रश्न विचारला. माझ्यासारखं खरं आणखी कुणी बोललं आहे का? उत्तर आलं, हो, दोघं. मुरारा बिन रबीअ (र.) आणि हिलाल बिन उमय्या (र.). दोन भली माणसं. बस्स. कअब (र.) यांचे पाय पुन्हा जमिनीवर टेकले.

चौदाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा तो प्रयोग, दोन्ही एकाच जागी येऊन थांबतात. माणूस डळमळतो तेव्हा तो विचारतो, "आणखी कुणी आहे का?"

पुढचे पन्नास दिवस सोपे नव्हते. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. त्यात गस्सानच्या राजाचं पत्र आलं, की तुझ्या लोकांनी तुला टाकलंय, आमच्याकडे ये. त्यांनी ते पत्र तंदूरमध्ये टाकलं. पन्नास दिवसांनी तौबा कबूल झाल्याची खुशखबर आली. सूरह तौबाच्या ११८ व्या आयतीत त्या तिघांचा उल्लेख आहे. आणि लगेच पुढच्या, ११९ व्या आयतीत ईमानवाल्यांना सच्च्या माणसांच्या सोबत राहायला सांगितलं आहे. फक्त सच्चे व्हा एवढ्यावर थांबलेलं नाही. सोबतीचा मुद्दा तिथे आहे.

मित्रांनो, मी इतिहासाचा माणूस. साखरखेर्ड्यात येऊन इथल्या इतिहासाबद्दल बोललो नाही तर माझेच जुने विद्यार्थी हसतील. तुम्हाला माहीत आहे, या मातीवर ऑक्टोबर १७२४ मध्ये मोठी लढाई झाली. एका बाजूला निजामुल्मुल्क, त्यांच्या मदतीला बाजीराव पेशवे. दुसऱ्या बाजूला हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान. मुबारिजखान इथे मारला गेला. निजामानं विजयाची आठवण म्हणून या गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया खऱ्या अर्थानं इथे पडला. एवढं आपण अभिमानानं सांगतो.

पण त्यातली एक गोष्ट कमी सांगितली जाते. मुबारिजखान आपल्या मनानं लढायला आला नव्हता. निजामाला दख्खनमधून हटवावं म्हणून खुद्द दिल्लीच्या बादशहानं, मुहम्मदशहानं, त्याला आतून फूस दिली होती. लढाईनंतर निजामानं मुबारिजखानाचं मुंडकं दिल्लीला पाठवलं, जणू बादशहाच्याच एका बंडखोराचा बंदोबस्त केला. आता बादशहा काय म्हणणार? 'हा माझाच माणूस होता' असं म्हणावं तर आब जातो. गप्प बसावं तर दरबारात कुजबुज. मग त्यानं तोंड वाचवलं. पुढच्या वर्षी त्याच निजामाला 'आसफजाह' हा किताब दिला आणि दख्खनच्या सुभेदारीवर कायम केलं. ज्याला त्यानंच पुढे ढकललं होतं, त्याच्यासाठी त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

हे मी का सांगतोय? आपल्याला वाटतं, अजून मोठे झालो, पद मिळालं, पैसा आला की मग खरं बोलायची हिंमत येईल. हिंदुस्थानच्या बादशहाला आली नाही. खुर्ची मोठी झाली की तोंड वाचवायची गरज कमी होत नाही, वाढते. हिंमत आजच्या बाकावर शिकली नाही तर उद्याच्या खुर्चीवर ती येत नाही. आणि दुसरं म्हणजे, वरचा माणूस तोंड वाचवतो तेव्हा मरतो तो खालचा. फळ्यावर उत्तरं लिहिली जातात तेव्हा शाळेचा निकाल वाढतो, सरांचा मान राहतो. आणि उद्या बारावीच्या पुढे कुठेच न टिकणारं पोरगं कुणाचं असतं? तुमच्या-माझ्या घरचं.

आपल्या भागात सोयाबीन पिकतं, म्हणून ही हदीस तुम्हाला चटकन कळेल. पैगंबर (स.) मदिनेच्या बाजारातून जात होते. धान्याचा एक ढीग दिसला. त्यांनी ढिगात हात घातला तर आत बोटांना ओल लागली. विचारलं, हे काय? व्यापारी म्हणाला, पावसात भिजलं. त्यावर ते म्हणाले की मग ओला माल वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं त्यांनी बजावलं. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. कॉपी करून आणलेली मार्कशीट म्हणजे वरून वाळलेला आणि आतून ओला ढीग. घरचे लोक वरून बघून पेढे वाटतात. पण पुढे कुणीतरी ढिगात हात घालतोच. नीटचा पेपर घालतो, पोलीस भरतीची लेखी परीक्षा घालते, पहिल्या नोकरीतला साहेब घालतो.

आता फक्त परीक्षेचंच बोललो तर तुम्ही म्हणाल, सर मास्तरच राहिले. म्हणून दुसरं उदाहरण घेतो.

माझ्या ओळखीतला एक मुलगा. शिकलेला, नमाजी, कमावता. त्यानं ठरवलं होतं की निकाह मशिदीत साधा करायचा, मुलीवाल्यांकडून काही घ्यायचं नाही. दोस्तांना सांगितलं. दोस्त हसले. एकजण म्हणाला, "ऐसा मत कर यार, लोगां बोलेंगे पोरे में कुछ तो भी खोट हय." बस, त्या एका वाक्यानं त्याचा निर्णय हलला. घरी फुफू, चाची, सगळ्यांचं तेच. शेवटी गाडी आली, फर्निचर आलं, चारशे माणसांचं जेवण झालं. मुलीच्या वडिलांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकला. हुंडा देणं आणि घेणं, दोन्ही १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे त्या मांडवातल्या बहुतेकांना माहीत होतं. मुलगा नंतर मला म्हणाला, "सर, मला काहीच नको होतं." मी म्हटलं, "मग घेतलंस कुणासाठी?" तो म्हणाला, "माहीत नाही." आणि खरंच त्याला माहीत नव्हतं. ज्या चार लोकांसाठी आपण हे सगळं करतो, ते चार लोक कोण, हे कुणालाच माहीत नसतं. बहुतेक वेळा तेही मनात तुमच्यासारखाच विचार करत असतात आणि तुमच्याकडे बघून गप्प बसलेले असतात.

काही जण म्हणतील, सर, आम्ही 'नाही' म्हटलं आणि बिरादरीनं वाळीत टाकलं तर? ही भीती खोटी नाही. पण हेही माहीत असू द्या की महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू आहे. जात पंचायत असो, जमात असो, कुणाच्या घरी जायला, लग्नाला, मयतीला, कब्रस्तानाला अडवणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणी विचारेल, मग कअब (र.) यांच्याशी पन्नास दिवस कुणी बोललं नाही त्याचं काय? तिथे प्रश्न त्यांच्या चुकीचा होता आणि फैसला वहीवर सोपवलेला होता. खरं बोलले म्हणून त्यांना टाकलं नव्हतं. आपण मात्र आज खरं बोलणाऱ्याला टाकतो आणि बहाणेवाल्याला मांडवात पुढं बसवतो.

आता तुम्ही काय करायचं? मी चार गोष्टी सांगतो. मोठ्या नाहीत.

पहिली. वेळ मागून घ्या. दबाव नेहमी घाईत असतो. "आत्ता टाक, आत्ता फॉरवर्ड कर, आत्ता स्टेटस ठेव, आत्ता चल." तुम्ही म्हणा, "रात्री सांगतो." रात्री एकटे असताना स्वतःला विचारा. हदीसमध्ये गुनाहची एक खूण सांगितली आहे, की जी गोष्ट तुझ्या मनात खटकते आणि लोकांना कळू नये असं तुला वाटतं, ती. ही खूण कुणीही स्वतःला लावून बघू शकतो. त्यासाठी आलिम असावं लागत नाही.

दुसरी. 'नाही' म्हणायचं एक वाक्य आधीच तयार ठेवा. ऐन वेळी सुचत नाही, मला सुचलं नव्हतं. वाक्य साधं असू द्या, समोरच्याला उपदेश करणारं नको. "मला जमणार नाही रे, तू कर किंवा करू नको." एवढं पुरतं. तुम्ही त्याला गुनहगार ठरवायला गेलात की तो भांडायला उठतो. तुम्ही फक्त स्वतःचं सांगितलं की तो विचारात पडतो. हदीसमध्ये 'इम्मअ' असा एक शब्द आहे. लोक भलं वागले तर आम्ही भलं वागू, लोक वाईट वागले तर आम्हीही, असं म्हणणारा माणूस. तसं होऊ नका, असं तिथे बजावलं आहे.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची. एक सोबती शोधा. नाही सापडला तर तुम्ही कुणाचे तरी सोबती व्हा. वर्गात एखादी मुलगी हसण्यावारी नेली जात असेल, ग्रुपमध्ये एखादा "हे डिलीट करा" म्हणत असेल, घरात एखादी बहीण "मला एवढ्या लवकर लग्न नको, शिकायचंय" म्हणत असेल, तर फार काही करू नका. फक्त म्हणा, "मलाही तसंच वाटतं." तुमचं ते एक वाक्य म्हणजे त्या माणसासाठी मुरारा आणि हिलाल आहेत.

चौथी. चूक होऊन गेली असेल तर परतायचा रस्ता बंद समजू नका. एकदा तोंड वाचवायला खोटं बोललो की ते झाकायला दुसरं लागतं. मधेच कुठेतरी थांबून "चुकलं माझं" म्हणणं जड जातं, पण पुढचं सगळं त्यानं हलकं होतं.

आणि एक विनंती मागच्या ओळीतल्या बुजुर्गांना. मुलगा सदुसष्ट टक्के घेऊन आला आणि शेजारचा ब्याण्णव, तर त्याच्या तोंडावर शेजारच्याचं नाव घेऊ नका. आधी विचारा, "बेटा, तुझे तू लिहिलेस ना?" तो हो म्हणाला तर सदुसष्टचे पेढे वाटा. पोरांवर दोस्तांचा दबाव असतो हे खरं. पण दोस्तांच्या मागे उभे असतो आपण. पोरांना लोकांची भीती आपणच दूध पाजल्यासारखी पाजतो आणि नंतर म्हणतो, पोरं नादी लागली.

मी तुम्हाला असं सांगणार नाही की खरं वागलात तर सगळं ठीक होईल. त्या मुलीचं मला पुढं काही कळलं नाही. त्या वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा तिला गुण कमीच पडले असणार. तिचं नुकसान झालं आणि त्यात माझा हात आहे. ती आज कुठे आहे, मला माहीत नाही. चाळिशी ओलांडली असेल, कदाचित तिची मुलं आता दहावीला असतील.

त्या दिवशी तिनं पर्यवेक्षकाला प्रश्न विचारला असं मला वाटायचं. आता वाटतं, ती कअब (र.) यांचाच प्रश्न विचारत होती. इथे आणखी कुणी आहे का? आणि मी असून नसल्यासारखा दारात उभा होतो.

इतक्या वर्षांनी तिचं उत्तर तुमच्यापाशी देतो. उद्या तुमच्यापैकी कुणी शिक्षक होईल, कुणी तलाठी, कुणी नर्स, कुणी पोलीस, कुणी घरातली मोठी बहीण. तुमच्याकडे कुणी हात वर करून विचारलं, "मी माझं लिहू का?", तर इकडे-तिकडे बघू नका. लगेच म्हणा, "हो बेटा, तुझं तू लिही. मी इथेच उभा आहे."

वस्सलाम.